धारवाडला यायचा हंगाम

रविवारी सकाळी साडेआठच्या सुमाराला अक्काचा फोन यायचा. फोन म्हणजे दोन रिंगा. तिसरी वाजायच्या आत ती बंद करायची आणि मग मी इकडून लावायचा, असा आमचा कितीतरी वर्षांचा रिवाज. पहिला प्रश्न ठरलेला... “बसू, तिकडं हवा कशी हाय?” तब्येत, लेकरं, नोकरी, सगळं त्यानंतर. जूनच्या सुरुवातीच्या त्या रविवारी रिंगा दोनावर थांबल्या नाहीत. वाजतच राहिल्या. मला वाटलं, आज अक्का बटण दाबायला विसरली. मी उचलला आणि तिला विचारायची संधीही न देता म्हणालो, “अक्का, ढग आल्यात, वारं सुटलंय, झक्कास हवा हाय.” पलीकडून रेवणप्पाचा आवाज आला. रेवणप्पा म्हणजे आमच्या गावी, संतपूरला, आमचं रान बटईनं करणारा, माझ्या बरोबरीचा, अक्काच्या हातचं खाऊन माझ्यासारखाच वाढलेला. “बसू,” तो म्हणाला, “मी बोलायलोय. अक्का गेली रे.” पहाटे उठून तिनं अंगण झाडलं होतं, चहाचं आधण ठेवलं होतं आणि चुलीपुढं बसली ती बसलीच. धारवाडची हवा झक्कास आहे, हे मी एका रडणाऱ्या माणसाला सांगून बसलो होतो. सहा आठवडे झाले त्याला. ते वाक्य अजून माझ्या तोंडात आहे.

अक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. अक्काचं लग्न झालं, दोन वर्षांत तिचा नवरा गेला आणि ती एक पत्र्याची पेटी घेऊन परत संतपूरला आली, ती कायमची. अप्पा शेतात, मी शाळेत आणि अक्का दोन्हीकडे. अप्पा गेल्यावर रानही तिनंच सांभाळलं. सोयाबीन, तूर, ज्वारी. आमच्याकडे घरात मराठी, बाजारात कन्नड आणि औरादच्या पुढं गेलं की तेलुगूही कानावर पडते. अक्काला तिन्ही यायच्या. शिव्या ती कन्नडमध्ये द्यायची आणि लाड मराठीत करायची, त्यामुळे दाराबाहेर उभं राहूनही घरातलं हवामान कळायचं.

बीए झाल्यावर मी पुढं शिकायला धारवाडला आलो आणि इथलाच झालो. आधी विद्यार्थी, मग विद्यापीठात भूगोलाचा मास्तर. पहिल्या वर्षी मे महिन्यात गावी गेलो तेव्हा मी धारवाडच्या हवेच्या फुशारक्या मारत होतो. उन्हाळ्यातसुद्धा संध्याकाळी वारं येतं, खोलीत पंखा नाही, पहाटे तर पांघरूण लागतं. अक्का भाकरी थापत ऐकत होती. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही. तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि विचारलं, “मे महिन्यात पांघरूण? आन् तिथली माणसं मग तक्रार कशाची करत्यात?” मी म्हणालो, “पावसाची.” ती इतकी हसली की भाकरी करपली. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा कळायला हवा होता. पण मला वाटलं, माझा विनोद जमला.

त्या वर्षापासून अक्कानं धारवाडला यायचं हा आमच्या घरातला कायमचा विषय झाला. ती विचारायची, “कोणत्या महिन्यात येऊ?” आणि मी भूगोलाचा माणूस असल्यामुळे एका शब्दात उत्तर देणं मला शक्यच नव्हतं. मार्च-एप्रिलला दुपारी थोडं ऊन असतं. जून ते सप्टेंबर तर नावच काढू नको, इथं जी झड लागते ती सुटतच नाही, इथली माणसं तिला जिटीजिटी मळी म्हणतात, कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी येते. ऑक्टोबरात परतीचा पाऊस. तेव्हा सगळ्यांत चांगला हंगाम म्हणजे नोव्हेंबर शेवट ते जानेवारी. निरभ्र आभाळ, कोवळं ऊन, सगळं कसं स्वच्छ धुतलेलं. ती हे मन लावून ऐकायची आणि मग तिच्याकडचे महिने काढायची. नोव्हेंबरात सोयाबीनची रास उरकलेली असते, पण ज्वारीची राखण असते. डिसेंबरात येळवस. येळवस झाली की तूर. तूर झाली की ज्वारीची काढणी. “तुजा हंगाम आन् माजा हंगाम,” ती म्हणायची, “दोगं एका गाडीत बसतच न्हाईत बग.”

येळवस म्हणजे वेळा अमावास्या. आमच्या सीमाभागाबाहेर हा सण फारसा कुणाला माहीत नाही आणि आमच्याकडे दिवाळीपेक्षा तो मोठा. सगळं गाव रानात जातं, गावात कुत्रंसुद्धा उरत नाही. कडब्याची लहानशी झोपडी, कोपी, उभी करायची, पाच दगडांना चुना लावून मांडायचे, पूजा करायची आणि मग ओळखीच्या-अनोळखीच्या प्रत्येकाला हाताला धरून बसवून सगळ्या भाज्या-शेंगांची घट्ट भज्जी आणि ताकातली आंबील वाढायची. अक्काची आंबील दोन दिवस आधीपासून मडक्यात मुरायची. मी म्हणायचो, “एक वर्ष येळवस सोड की. तीच वेळ इथं सगळ्यांत चांगली असते.” ती माझ्याकडे अशी बघायची, जणू मी आईला विकायला काढलं. “येळवस सोडून हवा खायाला जाऊ? रानाला काय सांगू मग?” खरं तर मी तिकडे जाऊ शकत होतो. एकदाच गेलो, बायकोला, सुमंगलाला, आणि मुलांना घेऊन. अक्कानं त्या दिवशी आम्हा चौघांना आठ माणसांची आंबील पाजली आणि वर म्हणाली, शहरानं तुमची भूक मारली.

यात एक गंमतही होती. न बघताच अक्का धारवाडची जाणकार झाली. गावातल्या मास्तरांच्या मुलीला इथल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, तर मास्तर मुलीला घेऊन माझ्याकडे नाही, आधी अक्काकडे गेले. अक्कानं मुलीला समोर बसवून सांगितलं, “ऑगस्टमधी कपडे वाळत न्हाईत, दोन जोड जास्त घे. चप्पल रबराची घे. तिथली माती तांबडी हाय, पांढरी सलवार न्यायची न्हाई. स्वेटर सोबतच ठेव, पेटीत न्हाई.” ती मुलगी पुढं एकदा मला भेटली तेव्हा म्हणाली, “सर, अक्का किती वर्षं होत्या हो धारवाडला?” मी हसून विषय टाळला. रविवारी अक्काला सांगितलं तर ती खूश. “मग! तू काय शिकवतोस त्येंना? माजं ऐकून पास होतील.” शिवाय अधूनमधून तिचा एक टोमणा असायचा, “आता आपल्याकडं कडगंचीला बी एवढी मोठी युनिव्हर्सिटी झालीय. तिकडं बदली कामून करून घेत न्हाईस? येळवशीला तरी येशील.” अशी बदली होत नसते, हे मी तिला चार वेळा समजावलं. ती चारही वेळा हो म्हणाली आणि पाचव्यांदा तेच म्हणाली.

आता ती गोष्ट सांगतो, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसलोय. तीन वर्षांपूर्वीचा जुलै. आमच्याकडे मिरगाचा एक पाऊस झाला, पेरण्या झाल्या आणि मग आभाळानं तोंड फिरवलं. सोयाबीन चार पानांवर येऊन थांबलं. रानात करण्यासारखं काही उरलं नव्हतं, नुसतं बघत बसायचं. इकडे धारवाडात मात्र झड लागलेली. त्या रविवारी तिनं नेहमीसारखं विचारलं आणि मी नेहमीसारखा वैतागून म्हणालो, “काय सांगू अक्का, आठ दिस झाले सूर्य दिसला न्हाई.” मंगळवारी दुपारी तिच्या दोन रिंगा आल्या. रविवार नसताना. मी घाबरून लावला. मागं मोटारींचे भोंगे, कंडक्टरची आरोळी.

“बसू, मी हुमनाबादला हाय. स्टँडवर. सांजच्या गाडीनं धारवाडला यायलेय.”

हुमनाबाद म्हणजे आमच्या भागाचा नाका. पुणे-हैदराबाद रस्त्यावरचं गाव, तिथं सगळ्या दिशांच्या गाड्या मिळतात. साठी ओलांडलेली माझी बहीण, आयुष्यात पहिल्यांदा, कुणाला न विचारता निघाली होती. आणि मी काय म्हणालो?

“आत्ता? अगं अक्का, इथं झड लागलीय! घराबाहेर पाऊल टाकता येत न्हाई. तुला काय दाखवू मी? तुजे गुडघे धरतील.”

“व्हय? अजून लई पाऊस हाय?”

“लई.”

“सारखा?”

“सारखा, अक्का. रात्रंदिवस. थांबायचं नावच न्हाई.”

मग ती म्हणाली, “खिडकीतून दिसतो का रं?”

“दिसायला काय, पाऊसच पाऊस. तू असं कर, डिसेंबरात ये. तोच खरा हंगाम हाय. मी स्वतः न्यायला येतो.”

“बरं,” ती म्हणाली. “तू म्हन्तोस तर बरं.”

मी सुटकेचा निःश्वास टाकला. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहितो. तिच्या गुडघ्यांची काळजी खोटी नव्हती. पण खरं कारण ते नव्हतं. घरात ओल आली होती, पुढच्या खोलीचं छत गळत होतं, खाली बादली ठेवलेली, दोरीवर चार दिवसांचे दमट कपडे. ज्या अक्कानं मला शिकवलं तिला मी हे दाखवणार नव्हतो. मला तिला माझं धारवाड उन्हात दाखवायचं होतं, विद्यापीठाची टेकडी, फुलझाडं, पेढ्यांची दुकानं. तिनं गावी जाऊन सांगावं की आमचा बसू किती नामी गावात राहतो. हंगाम मी माझ्या मिरवण्याचा निवडला होता. आणि इतकी वर्षं पर्जन्यमानाचे तक्ते फळ्यावर काढणाऱ्या या मास्तराच्या डोक्यात एवढं शिरलं नाही की, जिच्या रानात सोयाबीन करपतंय ती बाई पाऊस किती आहे हे तीन-तीनदा कामून विचारते.

त्या डिसेंबरात येळवस आली. पुढच्या डिसेंबरात तिचे गुडघे खरंच धरले. मी न्यायला गेलो नाही. तिनंही पुन्हा कधी यायचं नाव काढलं नाही, फक्त रविवारी हवा विचारत राहिली. या मे महिन्यात आमची शेवटची भेट झाली. संध्याकाळी अंगणात बाज टाकून बसलो होतो. जमीन तापलेली, वाऱ्याचा पत्ता नाही. ती हातातल्या पंख्यानं मलाच वारा घालत होती, मी नको म्हणत असताना. एकदम म्हणाली, “बसू, तुज्या त्या खिडकीतून पाऊस कसा दिसतो रं?” मी मोबाइलमध्ये डोकं घालून म्हणालो, “कसा दिसणार? चिखल दिसतो.” ती हसली. “तुला चिखल दिसतो व्हय,” म्हणाली आणि पंख्याचा हात बदलला.

आमच्यात माणसाला जाळत नाहीत, मातीत बसवतात. अक्काला आमच्याच रानात, येळवशीची कोपी जिथं घालतात त्याच्या शेजारी बसवलं. गावातली मंडळी मला म्हणत होती, पेरणीच्या तोंडावर गेली, रान तयार करून गेली. खरंच रान तयार होतं. बियाणं घरात आलेलं, पोती भिंतीशी लावून ठेवलेली. तिसऱ्या दिवशी मी तिची पेटी उघडायला बसलो. तीच पत्र्याची, सासरहून परत आणलेली. रेवणप्पा दाराशी होता. पेटीवर भिंतीला टेकून एक छत्री होती. मोठी, काळी, लाकडी मुठीची. प्लास्टिकच्या वेष्टनातली, अजून दुकानातला दोरा बांधलेली. कोरी. मी विचारलं, “ही कुणाची रे?”

रेवणप्पा खाली बसला. त्या मंगळवारी अक्काला मोटारसायकलवर हुमनाबादला त्यानंच नेलं होतं. हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

“मी म्हनलो, अक्का, शेत वाळायलंय आन् तू फिरायला निघालीस? तर म्हन्ली, रेवण्या, म्हनूनच निघालेय. वाळलेलं बगून बगून डोळे वाळले माजे. बसूच्या गावाला आठ दिस झाले पडायलाय म्हनं. आपल्याकडं न्हाई तर न्हाई. एकदा डोळे भरून बगून तर येते.” स्टँडपुढच्या दुकानात तिनं ही छत्री घेतली होती. उघडून बघितल्याशिवाय घेणार नाही म्हणाली आणि रखरखीत उन्हात रस्त्यात छत्री उघडून उभी राहिली. दुकानदार म्हणाला, “अम्मा, आभाळात ढग न्हाई, आन् एवढी मोठी छत्री कशाला?” तर अक्का तोऱ्यात म्हणाली, “मी धारवाडला चाललेय.”

“मंग तुज्याशी बोलली,” रेवणप्पा म्हणाला. “बोलून झाल्यावर बाकड्यावर बसली. धारवाडची गाडी आली, गेली. मी इचारलो, कामून चढली न्हाईस अक्का? तर म्हन्ली, बसू म्हन्तोय, हा हंगाम बरा न्हाई.”

छत्री मात्र परत आली. घरातल्या दोन छत्र्या नंतर मोडल्या, पण अक्का पोतं डोक्यावर घेऊन रानात जायची, हिला हात लावायची नाही. रेवणप्पा मागायला गेला तर म्हणाली होती, “ती धारवाडची हाय. इथल्या पावसाला न्हाई.” हे सांगून तो उठला आणि मी तिथंच पेटीवर डोकं ठेवून रडलो. तिसऱ्या दिवसापर्यंत मला नीट रडू आलं नव्हतं.

छत्री मी धारवाडला आणली. पुढच्या खोलीत खिडकीशेजारी खुंटीला लावली. ही खोली आम्ही अक्काची खोली म्हणायचो. वीस वर्षं म्हणायचो. तिथं एक गादी, एक घोंगडी, भिंतीत एक कोनाडा, सगळं तिच्यासाठी ठेवलेलं, आणि ती एकदाही तिथं झोपली नाही. सुमंगला एकदा म्हणाली, वेष्टन काढून ठेवू का, आत ओल धरेल. मी नको म्हणालो. गेले नऊ दिवस इथं झड आहे. मी खिडकीत बसतो. समोर आंब्याचं झाड आहे, त्याच्या पानांवरून थेंब एका ओळीत उतरतात, कुंपणापलीकडची तांबडी वाट वाहत असते, धुकं टेकडीवरून खाली येतं आणि पुन्हा वर जातं. तीस वर्षं मी या गावात राहतोय. हे इतकं देखणं आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ती सांगणार होती. इथं या गादीवर पाय लांब करून बसली असती, गुडघ्यावर घोंगडी घेऊन, आणि दिवसभर नुसती बघत राहिली असती. टेकडी, पेढे, काही लागलं नसतं तिला.

परवा एका सहकाऱ्यानं विचारलं, दिल्लीकडचे पाहुणे यायचेत, कोणत्या महिन्यात बोलवू? माझ्या तोंडी वर्षानुवर्षांचं उत्तर होतं. ते गिळलं आणि म्हणालो, “येतो म्हणतील तेव्हा बोलवा.” त्याला वाटलं, मी टाळतोय.

रविवारी सकाळी साडेआठला आता मी संतपूरला फोन लावतो. अक्काचा फोन रेवणप्पाकडे आहे. माझ्या मोबाइलवर नाव अजून तेच दिसतं. मी बदललं नाही. या रविवारी मीच विचारलं, “तिकडं हवा कशी हाय?”

“पाच दिस झाले पडायलाय,” तो म्हणाला. “रानात पाय ठेवायला वाफसा न्हाई. सोयाबीन गुडघ्याएवढं आलंय. अक्काच्या जागेवर बी हिरवंगार झालंय, बसू.” मग तिच्यासारखंच, “आन् तिकडं?”

“सारखा पाऊस हाय,” मी म्हणालो. आणि मग जे वाक्य मी अक्काला एकदाही ‘पण’ न लावता म्हणालो नव्हतो ते म्हणालो. “ये.”

“कोन, मी?”

“तू. रानात काम न्हाई म्हन्तोस ना? मग सांजच्या गाडीनं निघ. छत गळतंय, कपडे वाळलेले न्हाईत, कुठं फिरायला मिळणार न्हाई. ये.”

पलीकडे पावसाचा आवाज येत होता. इकडेही येत होता.

“येतो,” रेवणप्पा म्हणाला. “अक्काची छत्री हाय न्हवं तिथं? मग मी माजी आणत न्हाई.”

मी उठलो आणि खुंटीवरची छत्री काढून तिचा दोरा सोडायला बसलो.